मशाल वाढवावी

पडद्यावर वाक्य उमटलं आणि फैयाज मुकादमचा हात सवयीने कळीकडे गेला.

‘मशाल वाढवावी.’

“थांबा, फैयाजभाई,” मृदुला कडू म्हणाली.

फैयाजने हात हवेतच धरला. सांबरखार रिफायनरीच्या पॅनलवर त्याचे केस पिकले होते. पाळीप्रमुख मृदुला त्याच्याहून बरीच लहान, तरी तिचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. पण आज त्याला घाई होती. समोर भट्टीच्या पश्चिम अंगाचे तापमापक एकामागोमाग एक उतरत होते.

“मॅडम, कानोबा बोलला की मी थांबत नाही. थांबायचे दिवस गेले.”

“काय बोलला ते मोठ्याने वाचा.”

“मशाल वाढवावी.”

“म्हणजे काय करायचं?”

“म्हणजे...” फैयाजने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात त्याने मांडीवर आणून ठेवला. “या अल्ला,” तो हळूच म्हणाला.

ज्यांनी रिफायनरी फक्त हमरस्त्यावरून पाहिली आहे त्यांना तिथल्या चिमण्या आणि मनोरे सगळे सारखेच दिसतात. त्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत लहरी भाग म्हणजे क्रॅकर. जड तेल मोडून त्याचं हलकं इंधन करायचं, हे त्याचं काम. मोडायला लागते कॅटलिस्टची पूड, अंगाला लावायच्या पावडरीइतकी बारीक आणि निखाऱ्यासारखी तापलेली. ही पूड खालून हवा फुंकून हलती ठेवली की पाण्यासारखी वाहते. तिला लाटा येतात, बुडबुडे येतात. एका मनोऱ्यात, रिअ‍ॅक्टरमध्ये, ती तेलाला भिडते. तेल मोडतं आणि पुडीवर काजळी बसते. दुसऱ्या मनोऱ्याला कामगार भट्टी म्हणतात. तिथे हवेच्या झोतात काजळी जळून जाते, पूड पुन्हा तापते आणि जाड नळातून रिअ‍ॅक्टरकडे परत उतरते.

मेख अशी की एका मनोऱ्यात तेलाची वाफ असते आणि दुसऱ्यात हवा. दोघींची गाठ पडली तर स्फोट. मध्ये भिंत नसते. नळात उभा राहिलेला पुडीचा स्तंभ हीच भिंत, आणि त्याच्या तळाशी सरकत्या पोलादी पाटीचा एक व्हॉल्व्ह. स्तंभाच्या वजनाने वाफ खाली दबून राहते. पाटी जास्त उघडली की स्तंभ उतरतो, वजन घटतं आणि वाफ वर चढायला बघते.

त्या दुपारी ही पाटी अडकली होती. ती अर्ध्याहून जास्त उघडी राहिली होती आणि यंत्राच्या जोराला दाद देत नव्हती. व्हॉल्व्हच्या मचाणावर दोन फिटर हाताने चाक फिरवून ती इंचाइंचाने लावत होते. त्यातला एक होता सुहास कडू, मृदुलाचा धाकटा दीर.

क्रॅकर पूर्वी एवढा लहरी नव्हता. खनिज तेलावर चालायचा तोवर त्याच्या खोड्या ठरलेल्या होत्या. पण सरकारने नियम केला आणि वितळवलेल्या प्लास्टिकचं तेल, हॉटेलांतलं तळणीचं तेल, जे गोळा होईल ते त्याच्या पोटात जाऊ लागलं. हे तेल आज एक, उद्या दुसरं. नळ आतून खरवडले जाऊ लागले, हवेची तोंडं झिजू लागली. शिवाय अशा तेलाची काजळी कमी बसायची, म्हणून भट्टी स्वतःच्या बळावर तापलेली राहत नसे. तिला बाहेरून तेलाचा फवारा मारून पेटतं ठेवावं लागायचं. तो फवारा म्हणजे मशाल. देशभरचे क्रॅकर वर्षातून चार-चार वेळा अचानक बसू लागले, तेव्हा कानोबा आला.

कंपनीने त्याचं नाव ‘श्रवण’ ठेवलं होतं. कानोबा हे कामगारांनी ठेवलेलं, कारण तो नुसता कान होता. केसाएवढा काचेचा धागा नळांभोवती आणि मनोऱ्यांभोवती गुंडाळलेला. त्यातून प्रकाशाचे ठोके सतत सोडलेले. नळाच्या आत पूड जराशी अडखळली, कुठे बुडबुडा मोठा झाला, तरी धागा थरारतो आणि प्रकाश किंचित बदलून परत येतो. ऐकू तर सगळं येतं. पण ऐकलेल्याचा अर्थ काय? तो शिकवायला कंपनीने जुनी ध्वनिमुद्रणं काढली. सांबरखारला पाळी सोपवताना जाणारा माणूस येणाऱ्याला तोंडी सगळं सांगतो, आणि ते ध्वनिमुद्रित होतं. दोन दशकांचं बोलणं असं साठलेलं होतं. त्या-त्या वेळच्या उपकरणांच्या नोंदींवरून तेव्हा भट्टीचा आवाज कसा असेल ते गणिताने काढलं आणि माणसांच्या बोलण्याशी जुळवलं. कानोबाला नियम कोणी शिकवले नाहीत. अशा आवाजानंतर शहाण्या माणसांनी काय केलं, एवढंच तो शिकला आणि त्यांच्याच मराठीत सांगू लागला. कामगार संघटनेने एक अट घातली होती: कोणावर ठपका येऊ नये म्हणून बोलणाऱ्याचं नाव आणि आवाज काढून टाकायचा, फक्त शब्द ठेवायचे. कंपनीने ती आनंदाने मान्य केली.

कानोबा आल्यापासून सांबरखारचा क्रॅकर एकदाही अचानक बसला नव्हता. आता परवान्यातच लिहिलेलं होतं: सल्ला यंत्राचा, हात माणसाचा. कानोबाशिवाय क्रॅकर चालवायचा नाही आणि सल्ला मोडला तर मोडणाऱ्याने एकट्याने जबाबदारी घ्यायची. पॅनलवर सात माणसं होती, ती तीन झाली. कोणती तीन ठेवायची ते ठरवणाऱ्या समितीत मृदुला होती. सुहास त्या तिघांत नव्हता. त्याने कंत्राटदाराकडे फिटरचं काम धरलं आणि तेव्हापासून तो तिला घरात काहीच म्हणत नसे आणि कामावर मॅडम म्हणत असे.

भट्टीच्या पश्चिम अंगाला आणखी एक तापमापक उतरला.

दोन शक्यता होत्या. पहिली, मशाल कमी पडते आहे. तसं असेल तर ती मोठी करायची, नाही तर भट्टी निवेल. रिअ‍ॅक्टर जास्त पूड ओढेल, आधीच उघड्या पाटीवरचा स्तंभ उतरेल आणि वाफ वर चढेल. दुसरी, पश्चिम अंगाला हवाच पोचत नाही. तसं असेल तर मशालीचं तेल तिथे जळत नाही, पुडीत नुसतं मुरतं आहे. मशाल मोठी केली की आणखी मुरेल आणि मग सगळं एकदम पेट घेईल. दोन्हींत मचाणावरची माणसं आधी जाणार. सगळंच थांबवायचं म्हटलं तरी त्यासाठी पाटी लागायला हवी होती, आणि ती लागत नव्हती.

भट्टीच्या धुरात प्राणवायू किती हे मोजणारा मापक असता तर निवाडा क्षणात झाला असता. तेल जळत असेल तर प्राणवायू कमी दिसतो. असे दोन मापक होते. एकाची नळी पुडीने चोंदली होती, आणि दुसरा कानोबा असल्यावर हवा कशाला म्हणून गेल्या दुरुस्तीत काढून टाकला होता.

आणि कानोबा म्हणत होता, मशाल वाढवावी.

मृदुला लातूरची. लग्न होऊन सांबरखारला आली त्या आठवड्यात सासऱ्यांनी, हिराजी कडूंनी, ओटीवरून हाक मारली होती, “सूनबाई, गॅस वाढव गं.” तिने ज्योत मोठी केली. दूध उतू जाऊन ओटाभर झालं. सासूबाई हसत सुटल्या. या घरात आग बंद कर, विझव, असं कोणी म्हणत नाही, त्यांनी सांगितलं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तसा गॅस वाढवायचा, चूल वाढवायची. हिराजी क्रॅकरच्या पॅनलवर जन्म घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या पिढीने हीच बोली पॅनलवर नेली होती. मशाल बंद केली की ते ‘वाढवली’ म्हणायचे, मोठी केली की ‘चढवली’. नंतर मृदुलासारखी बाहेरगावची पोरं आली, कोणी लातूरचं, कोणी अकोल्याचं. त्यांनी ‘वाढवली’ म्हटलं की मशाल मोठी झालेली असायची.

कानोबाकडे दोन्ही ‘वाढवली’ होत्या. कुठली कोणाची, ते सांगणारी नावं नव्हती.

“विचारा त्याला, किती वाढवू,” फैयाज म्हणाला. “आकडा सांगेल.”

मृदुलाने विचारलं. उत्तर लगेच आलं.

‘पूर्ण.’

“पूर्ण उघडायची की पूर्ण मिटायची?” फैयाजने पडद्यालाच विचारलं.

‘पूर्ण वाढवावी.’

“का?” मृदुला.

‘अशा आवाजानंतर मशाल वाढवली असता युनिट सुरक्षित राहिल्याच्या नोंदी आहेत.’

तिने प्रश्न फिरवला. “मशाल बंद करावी का?”

यावेळी किंचित वेळ लागला.

‘“मशाल बंद” अशी नोंद उपलब्ध नाही.’

फैयाज खुर्चीत मागे रेलला. “नसणारच,” तो म्हणाला. “आमच्यात कोण बोलतं तसं? तुमच्या सासऱ्यांसमोर मी एकदा बोललो होतो, पाळी संपेपर्यंत त्यांनी मला चहा विचारला नाही.”

“आणि आम्ही ‘मशाल ऑफ’ म्हणत होतो.”

“ती असेल मग.”

मृदुलाने तेही विचारून पाहिलं. नोंद होती, पण ती मशाल पेटत नव्हती तेव्हाची, दुरुस्तीतली. आवाज जुळत नव्हता.

भिंतीवरचा मोठा पडदा उजळला. मुंबईच्या कचेरीतून सबनीस साहेब आले, कारखान्याचे संचालक. दुरुस्तीनंतर आज क्रॅकर पुन्हा सुरू होणार हे मंत्र्यांनाही कळवलेलं होतं, म्हणून ते सकाळपासून अधूनमधून डोकावत होते.

“सल्ला येऊन पडलाय,” सबनीस म्हणाले. “अंमल का नाही?”

“साहेब, सल्ल्याचे दोन अर्थ होतात.”

“वाढवा म्हटलंय ना? मग वाढवा.”

“वाढवा म्हणजे काय?”

“मिसेस कडू, वाढवा म्हणजे वाढवा. हा मराठीचा तास आहे का?”

“वर माणसं आहेत,” मृदुला म्हणाली. “आज तोच तास आहे.”

तिने त्यांचा आवाज बारीक केला. हे करता येतं हे फैयाजला माहीत नव्हतं.

मशालीच्या कळीवर हात ठेवून ती पडद्यावरचा एक काटा पाहत होती. स्तंभाचं वजन वाफेच्या दाबाला किती भारी आहे ते तो दाखवतो. काटा शून्यावर आला की भिंत गेली. अजून तो शून्यापासून दूर होता, पण सकाळी होता तिथे नव्हता.

न जळलेलं तेल कुठे तरी जाणारच. थोडं पुडीत मुरेल, थोडं धुराबरोबर चिमणीतून बाहेर पडेल. चिमणीचा कॅमेरा सकाळपासून पांढरंच दाखवत होता, कारण धूर धुतला जातो आणि त्याची स्टीम असतेच. पण स्टीम वाऱ्यावर दहा-वीस हातांत विरते. तेलाचं धुकं विरत नाही. कॅमेरा नुसत्या तोंडावर रोखलेला होता. पुढचं तो दाखवत नव्हता.

मृदुलाने वॉकीटॉकी उचलला. “सुहास.”

मागे पूड वाहत असल्याचा घरघराट आणि त्यातून त्याचा आवाज. “बोला मॅडम. अजून अर्धी उघडीच आहे. चाक दगडासारखं झालंय.”

“तिथून चिमणी दिसते?”

“मान वर केली तर. चाक सोडून मान वर करू?”

“कर. तोंडाशी बघू नकोस. वाऱ्यावर पुढे बघ. पांढरं विरतंय की लांब जातंय?”

घरघराट चालू राहिला. फैयाजने दोन्ही हात एकमेकांत गुंतवले होते.

“लांब जातंय,” सुहास म्हणाला. “खाडीपर्यंत. तिवरांवर लोळतंय.”

“नक्की स्टीम नाही?”

“मॅडम, तुम्ही मला उठवलंत त्या खुर्चीत मी बसलेलो आहे. तेल आहे ते. वासही येतोय.” मग आवाज बदलला. तो जोडीदाराशी काही बोलला आणि परत आला. “आम्ही उतरतो.”

उतरा म्हणायला काहीच लागलं नसतं. शिडीवरून खाली यायला वेळ होता. पण पाटी अर्धी उघडी राहिली असती, मशाल बंद होताच भट्टी निवली असती आणि स्तंभ उतरला असता. तेलाची वाफ वर चढली असती ती त्या मुरलेल्या तेलापाशी. स्फोट मग मचाणापुरता राहिला नसता. खाली गेटपर्यंत माणसं होती.

“नाही,” मृदुला म्हणाली. “उतरू नका. मी मशाल बंद करतेय. भट्टी निवायला लागेल, त्याच्या आत पाटी लागली पाहिजे. तुम्ही फिरवत राहा. पाटी लागली की मी रिअ‍ॅक्टरचं तेल तोडते आणि स्टीम सोडते. मग उतरा.”

‘बंद’ हा शब्द ऐकून फैयाजने मान खाली घातली होती.



“हे तुम्ही सांगताय की कानोबा?” सुहासने विचारलं.

“मी सांगतेय.”

“तो काय म्हणतो?”

“त्याचं मला कळत नाहीये.”

“हे आता कळलं होय तुम्हाला,” सुहास म्हणाला. मग जोडीदाराला ओरडला, “धर रे, खांदा लाव.”

मृदुलाने मशाल मिटली. पूर्ण.

भट्टीचा मधला तापमापक थोडा वेळ जागेवर राहिला आणि मग पश्चिमेच्या पाठोपाठ तोही उतरू लागला. रिअ‍ॅक्टरने जास्त पूड मागितली. पाटी अडकलेली असल्याने मागणं तसंच राहिलं. स्तंभाचा काटा मात्र खाली सरकला.

“पाटी?” तिने विचारलं.

“हलतेय.” सुहासचा श्वास लागला होता. “थोडी हलली.”

“मॅडम, काटा,” फैयाज म्हणाला.

“बघतेय. स्टीमवर हात ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका.”

स्टीम आधी सोडली तर तिच्या दाबानेच स्तंभ उचलला जाणार होता. तेल आधी तोडलं तर दाब पडून हवा उलट उतरणार होती. दोन्ही पाटी लागल्यावरच. तोवर करण्यासारखं काही नव्हतं आणि तेच तिला सर्वांत अवघड गेलं. भिंतीवरच्या पडद्यावर सबनीसांचे ओठ हलत होते.

काटा शून्याजवळ आला. तिथे तो थरथरू लागला, कारण पूड आता सलग वाहत नव्हती. नळात ती अडखळत होती, बसत होती, सुटत होती. कानोबाला हे सगळं ऐकू येत असणार.

‘मशाल वाढवली. योग्य,’ असं पडद्यावर आलं.

“याच्या तर,” फैयाज पुटपुटला.

वॉकीटॉकीत लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब आवाज झाला. मग सुहास म्हणाला, “सुटली. फिरतेय. फिरतेय. अजून. लागली. पूर्ण लागली, मॅडम.”

“तेल तोडलं. फैयाजभाई, स्टीम.”

“सोडली.”

काटा थबकला आणि सावकाश वर चढू लागला.

“उतरा,” मृदुला म्हणाली. तिने वॉकीटॉकी टेबलावर ठेवला.

भट्टीची हवा कमी करून तिच्या पश्चिम अंगातून नमुना काढून निववला, तेव्हा पूड भिजल्या पिठासारखी हाताला लागली. तेलाने निथळत होती. नमुन्याची बरणी पॅनलवर आणून ठेवली गेली आणि सबनीसांनी ती पडद्यातून पाहिली. मृदुलाने त्यांचा आवाज परत मोठा केला होता.

“सर्वप्रथम अभिनंदन,” सबनीस म्हणाले. “कोणाला खरचटलंसुद्धा नाही. क्रॅकर आठवडाभरात परत उठेल. फक्त ती शेवटची नोंद करून टाका.”

नोंद पॅनलवर वाटच पाहत होती. प्रत्येक सल्ल्यानंतर ती येते. ‘सल्ला पाळला का? हो. नाही.’

“मी सल्ला पाळलेला नाही, साहेब.”

“असं कसं? त्याने वाढवा म्हटलं, तुम्ही वाढवलीत. वाढवणे म्हणजे बंद करणे. नारळ वाढवतो तसं. आपल्या मराठीत असंच म्हणतात ना?”

“मघाशी वाढवा म्हणजे वाढवा होतं.”

“मघाशी मला घाई होती.” सबनीस चिडले नव्हते. ते हिशेबी माणूस होते आणि समोरच्यालाही तसंच समजत. “नीट ऐका. ‘नाही’ म्हटलं की यंत्रणा तपासणीला जाते. यंत्रणा नाही तर परवाना नाही. क्रॅकर किती महिने उभा राहील ते मी सांगू शकत नाही, आणि त्याच्याशिवाय सांबरखारला काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं पॅनलचं प्रमाणपत्र चौकशी होईपर्यंत जमा. आणि एक गोष्ट मी म्हणणार नाही, पण लोक म्हणतील. यंत्र गेलं तर पॅनलवर पुन्हा सात माणसं लागतील. तुमचे दीर त्यातले पहिले.”

दाराशी सुहास उभा होता. पुडीने तो डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा झाला होता. हाताला कापडाची पट्टी गुंडाळलेली. त्याने सगळं ऐकलं होतं.

“‘हो’ दाबा,” तो म्हणाला. “मी वर कानोबाचंच ऐकलं असं सांगतो. माझा जोडीदारही सांगेल.”

“खोटं?”

“माझ्यासाठी केलंत असं कोणी म्हणायला नको. करायचं तेव्हा केलं नाहीत. आता कशाला?”

समितीच्या त्या बैठकीबद्दल दोघांमध्ये पहिल्यांदाच शब्द निघाला होता, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

“तुझ्यासाठी नाही करत,” ती म्हणाली.

“मग?”

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. कानोबाचं वाक्य अजून तिथेच होतं: मशाल वाढवली, योग्य. “आज मी ‘हो’ म्हटलं तर हे वाक्य पक्कं होतं. पुढच्या वेळी तो ते जास्त खात्रीने बोलेल. त्या खुर्चीत तेव्हा कोण असेल, कुठल्या गावचं असेल, काय ठाऊक. आज फैयाजभाईंचा हातसुद्धा गेला होता.”

“चुकीच्याच बाजूला गेला होता,” फैयाज म्हणाला. “सांगून टाकतो. तीस वर्षं ‘वाढवली’ म्हणतोय मी, आणि यंत्राने म्हटल्यावर मोठी करायला निघालो.”

पडद्यावर सबनीस घड्याळ पाहत होते. “मिसेस कडू, एक ‘हो’ आहे फक्त.”

“तेच म्हणतेय मी. अर्थ दोन आणि ‘हो’ एकच,” मृदुला म्हणाली आणि ‘नाही’ दाबलं.

सबनीसांची चौकट काळी झाली. कानोबाने नेहमीच्या शांत अक्षरांत विचारलं, ‘केलेली कृती सांगा.’

“मशाल बंद केली.”

‘“मशाल बंद केली” अशी नोंद उपलब्ध नाही. आपल्याला “मशाल वाढवली” म्हणायचे आहे का?’

“नाही. बंद केली.”

‘नवीन नोंद करू?’

“कर.”

तिने गळ्यातलं प्रमाणपत्राचं कार्ड काढून फैयाजसमोर ठेवलं. त्याने ते उचललं नाही. तिने पिशवी घेतली. सुहास दारातून बाजूला झाला आणि तिच्या मागोमाग बाहेर आला. दोघं गेटच्या दिशेने चालू लागले. वाऱ्याला अजून तेलाचा वास होता.

“बाबा वाट बघत असतील,” सुहास म्हणाला. “चिमणी घरातूनही दिसते त्यांना. विचारतील, मशालीचं काय केलंत. मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा.”

“सांगेन. बंद केली म्हणून सांगेन.”

“बघा हं.” त्याच्या चेहऱ्यावरची पूड ओठांच्या कडेला तडकली. “आपल्या घरात अजून कोणी असं बोललेलं नाही.”